पार्श्वभूमी : चर्च, सृष्टी आणि ठाणे जिल्हा

4 ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा सण. सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारे हे संत 1226 मध्ये वारले. शंभर वर्षांच्या आत, 1321 मध्ये, त्यांच्या संघाचे चार जण चीनकडे जाता जाता ठाण्यात उतरले आणि इथेच मारले गेले. ते धर्मप्रसाराला निघाले होते, झाडं वाचवायला नव्हे. तेव्हा ठाण्याच्या मातीत पर्यावरणाचं बीज पडलं वगैरे म्हणणं ओढूनताणून होईल.

पर्यावरणाचा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या दारात येऊन धडकला तो 1967 साली. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकारांनी ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात लिहिलं, की निसर्ग माणसासाठीच आहे या पाश्चात्त्य ख्रिस्ती शिकवणीतून आजच्या संकटाची मुळं निघाली. बायबलच्या पहिल्याच अध्यायात माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगितलंय, हे नाकारता येत नव्हतं. मग धर्मपंडितांनी दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवलं : तिथे माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलंय. गंमत म्हणजे व्हाइट स्वतः ख्रिस्तीच होते आणि त्यांनी पर्यावरणवाद्यांचे संत म्हणून सुचवलं ते फ्रान्सिस यांनाच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 मध्ये तशी घोषणा केली. पुढे 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणावरचं जाहीर पत्र आलं. त्याचं नावही संत फ्रान्सिस यांच्या स्तोत्रातलं.

आपल्याकडे मात्र सुरुवात विहिरीपासून झाली. वसई 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. 1980च्या दशकाच्या अखेरीस तिथली हिरवी जमीन बिल्डरांच्या डोळ्यांत भरली आणि विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं. किनाऱ्यालगत गोडं पाणी फार उपसलं, की खारं पाणी आत सरकतं. केळी-भाजीच्या वाड्या त्यातच संपतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात उतरले. लढा फक्त ख्रिस्ती लोकांचा नव्हता, आणि त्याची ताकद मला तरी त्यातच दिसते. दहशतीला न जुमानणारे हे धर्मगुरू 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 मध्ये वारले.

पिण्याचं स्वच्छ पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क, असं ‘लाउदातो सी’त म्हटलंय. पाण्यासाठी वसईकर त्याच्या सुमारे पंचवीस वर्षं आधीच रस्त्यावर उतरले होते.