ऐतिहासिक बागेचं पुनरुज्जीवन (राणीची बाग, मुंबई)

एखाद्या जुन्या इस्टेटीची बाग तिची मूळ आखणी आणि मूळ झाडं सांभाळून परत उभी करणं म्हणजे ऐतिहासिक बागेचं पुनरुज्जीवन. इमारतीच्या दुरुस्तीपेक्षा हे काम अवघड, कारण झाडं वाढतात, म्हातारी होतात, मरतात. इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1982 साली स्वीकारलेल्या फ्लॉरेन्स सनदेत तर अशा बागेला जिवंत स्मारकच म्हटलंय.

मुंबईत सगळ्यात आधी नाव येतं ते भायखळ्याच्या राणीच्या बागेचं, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. शिवडीची जुनी बाग दफनभूमीसाठी गेली, मग माझगावच्या माउंट इस्टेटीच्या जागेवर ही नवी बाग झाली आणि 1862 साली लोकांसाठी उघडली. पुढे 1873 मध्ये ती म्युनिसिपालटीकडे आली. लोक येतात प्राणी बघायला, पण खरा ठेवा म्हणजे इथली झाडं: आफ्रिकेतली गोरखचिंच, कैलासपती, सीताअशोक, ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी. 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला तेव्हा या झाडांसाठीच मुंबईकर उभे राहिले, हे फार बरं झालं.

काम सुरू होतं झाडांच्या नोंदीपासून, म्हणजे बुंध्याचा घेर, वाळवी, पोकळी, बुरशी, सगळं लिहून काढायचं आणि जुन्या नकाशांशी ताडून बघायचं. मग मुळं. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात, त्यामुळे बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले किंवा भराव टाकला की झाडाला हवा मिळत नाही आणि ते दोन-चार वर्षांत शेंड्याकडून वाळायला लागतं, तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आधी ब्लॉक काढायचे, माती हातानेच मोकळी करायची (जेसीबी अजिबात नको), आळं करून शेणखत आणि पाला घालायचा. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेव्हा पाणी तुंबणार नाही असे चर आधीच काढावे लागतात.

मेलेल्या झाडाच्या जागी शक्यतो त्याच जातीचं झाड लावायचं, नर्सरीतले पाम आणून जागा भरणं म्हणजे पुनरुज्जीवन नाही. उर्वशीला बी क्वचितच धरतं, त्यामुळे तिची गुटी कलमं करतात: पावसाळ्यात फांदीची अंगठीएवढी साल काढून तिथे ओलं शेवाळ प्लास्टिकने घट्ट बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून कुंडीत लावायची आणि रोप नीट धरेपर्यंत सावलीत ठेवायचं.