आठ डॉलरपासून साडेतीन टक्क्यांपर्यंत

1970 च्या सुमारास मुंबईहून परदेशी निघालेल्या सामान्य प्रवाशाच्या खिशात कायदेशीर परकीय चलन असे जेमतेम आठ डॉलर. परदेशात कार्ड वापरल्यावर आज जे साडेतीन टक्के कापले जातात, त्यांचे मूळ मला त्या आठ डॉलरमध्ये दिसते.

परकीय चलनावर नियंत्रण आले ते सप्टेंबर 1939 मध्ये, युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांखाली. युद्ध संपले तरी नियंत्रण उठले नाही. 1947 मध्ये त्याचा कायदा झाला, ‘फेरा’ म्हणजे परकीय चलन नियमन कायदा, आणि 1973 मध्ये तो नव्याने आणखी कडक झाला. उल्लंघन म्हणजे फौजदारी गुन्हा. आपला हेतू वाईट नव्हता हे आरोपीनेच सिद्ध करायचे. एकीकडे सरकारी दर, दुसरीकडे हवाल्याचा दर, असे दोन भाव मुंबईत चालत. सरळमार्गी माणसाला पडलेला प्रश्न एकच होता: डॉलर मिळेल का? भाव काय लावला, हे विचारायची सवय लागण्याजोगी परिस्थितीच नव्हती.

जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेला 46.91 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकावे लागले. त्यानंतर मात्र चक्र उलटे फिरले. मार्च 1993 पासून रुपयाचा दर बाजार ठरवू लागला, 1 जून 2000 पासून ‘फेरा’ची जागा ‘फेमा’ने (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने) घेतली आणि गुन्हेगारीचा शिक्का गेला. फेब्रुवारी 2004 मध्ये ‘एलआरएस’, म्हणजे व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणारी उदार योजना आली: वर्षाला 25,000 डॉलर, शिक्षण, प्रवास, परदेशी शेअर, कशासाठीही. 2013 मध्ये रुपया घसरला तेव्हा ही मर्यादा दोन लाखांवरून 75,000 डॉलरवर आणली गेली; 2015 पासून ती अडीच लाख डॉलर आहे.

परवानगीचा प्रश्न सुटला, पण भाव न विचारण्याची सवय तशीच राहिली. तिच्यावरच मार्कअप, म्हणजे चलन बदलताना बँक दरावर चढवते ती जादा टक्केवारी, पोसला गेला. बहुतेक भारतीय कार्डांवर वर्षानुवर्षे तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 4.13 टक्के होतात. लाखभर रुपयांच्या खरेदीमागे 4,130 रुपये! स्टेटमेंटमध्ये तो कधी वेगळ्या ओळीत दिसतो, कधी दरातच मुरलेला असतो. शून्य मार्कअपची कार्डे आता मिळतात, तरी जुनेच कार्ड घेऊन निघणारे खूप आहेत आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटते.

दुकानातले यंत्र आणखी एक फास टाकते. ‘रुपयांत भरायचे की स्थानिक चलनात?’ रुपये ओळखीचे म्हणून माणूस तिकडे वळतो आणि रूपांतर दुकानदाराच्या बाजूच्या दराने होते, तो दर बहुधा महागच. शिवाय अनेक भारतीय बँका अशा व्यवहारावर स्वतःचेही शुल्क लावतात. म्हणून पॅरिसमध्ये युरोच, दुबईत दिरहमच निवडावा.

गुंतवणुकीसाठी पैसे पाठवताना लोक घाबरतात ते टीसीएसला, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते त्या कराला. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर तो 20 टक्के आहे. रक्कम मोठी अडकते खरी, पण तो आगाऊ घेतलेला कर आहे, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. परत न मिळणारा पैसा जातो तो बँकेने लावलेल्या दरात, आणि वाटेतल्या बँकांच्या शुल्कात. यावर उपाय म्हणून ऑगस्ट 2019 मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा ‘एफएक्स-रिटेल’ मंच सुरू झाला. आपल्या बँकेमार्फत नोंदणी केली की तिथे डॉलरचा बाजारभाव समोर दिसतो आणि बँकेला आपले शुल्क वेगळे सांगावे लागते. परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या ए-2 फॉर्मवर सही करण्याआधी शाखेत या मंचाची चौकशी जरूर करा.