जर्मनीतून ऑस्ट्रेलियाला स्कूल एक्स्चेंज: अर्ज नेमका कुठे अडकतो

शाळेत परदेशातल्या वर्षाबद्दल माहितीची संध्याकाळ झाली की आठवड्याभरात मला फोन सुरू होतात. मूल जिम्नॅशियमच्या, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या जर्मन माध्यमिक शाळेच्या नववी-दहावीत असतं, वर्गातले दोघं-तिघं क्वीन्सलँडला निघालेले असतात आणि घरात ‘मलाही जायचंय’ सुरू झालेलं असतं. माझी मुलगी जाऊन आली, तेव्हापासून ओळखीच्या दहा-बारा मराठी घरांचे अर्ज मी शेजारी बसून भरलेत. जे अडकले त्यातला एकही मुलाच्या मार्कांवरून किंवा इंग्रजीवरून अडकला नाही. सगळे कागदावरून अडकले, आणि तेही त्याच त्या चार-पाच कागदांवरून.

म्हणून पहिला प्रश्न ‘कुठला व्हिसा’ हा नाही. तुमच्या हातात कुठला कागद येणार आहे, हे आधी विचारा.

जर्मनीत शाळेपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सरसकट ‘आउसटाउश’, म्हणजे अदलाबदल, म्हणतात. मूल परदेशी शाळेत गेलं की आउसटाउश. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा खात्याला मात्र एक्स्चेंज म्हणजे फक्त नोंदणीकृत अदलाबदल: तिकडच्या राज्याने मान्य केलेल्या संस्थेमार्फत आलेला विद्यार्थी, ज्याच्या बदल्यात ऑस्ट्रेलियाचं मूलही कुठेतरी जातं. एएफएस किंवा रोटरीसारख्या संस्थांमधून जाणारी मुलं यात येतात. त्यांना ‘अ‍ॅक्सेप्टन्स अ‍ॅडव्हाइस फॉर सेकंडरी एक्स्चेंज स्टुडंट’ नावाचा कागद मिळतो. सगळे त्याला एएएसईएस म्हणतात. तो संस्था छापत नाही, त्या राज्याचं शिक्षण खातं देतं, त्यामुळे वेळ लागतो.

बाकीची बरीच मुलं एजन्सीमार्फत फी भरून सरकारी शाळेत जातात. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ‘श्युलरआउसटाउश’ (विद्यार्थ्यांची अदलाबदल) लिहिलेलं असलं तरी ही मुलं ऑस्ट्रेलियाच्या लेखी एक्स्चेंजची नाहीत, फी भरणारे परदेशी विद्यार्थी आहेत. त्यांना शाळेकडून सीओई, म्हणजे कन्फर्मेशन ऑफ एन्रोलमेंट मिळतं. मूल अठराच्या आतलं असल्याने सोबत राहण्याची आणि देखभालीची हमी देणारं सीएएडब्ल्यू नावाचं पत्रही लागतं. एएएसईएस असेल तर ती हमी त्यातच येते.

दोघांनाही अर्ज करायचा तो सबक्लास ५०० याच स्टुडंट व्हिसाचा, इमीअकाउंट या तिकडच्या व्हिसा खात्याच्या साइटवर ऑनलाइन. फॉर्ममध्ये एक्स्चेंजचा पर्याय दिसतो आणि सीओईवाले आईबाप मोठ्या विश्वासाने त्यावर टिक करतात, कारण गेले सहा महिने घरात तोच शब्द ऐकलेला असतो. मग निवडलेला प्रकार एक आणि जोडलेला कागद दुसराच. सीओईवाल्यांचं अर्जाचं शुल्क १ जुलै २०२५ पासून २००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि अर्ज नाकारला तर ते परत येत नाही. इंटरनेटवर ७१० डॉलर दिसले तर तो लेख २०२४ च्या जुलैआधीचा समजा आणि त्यातल्या बाकीच्या माहितीवरही भरवसा ठेवू नका.

तिसरा प्रकार शाळा-शाळांमधला, आठ-दहा आठवड्यांचा. जर्मन मूल तिकडे एक टर्म करतं, तिकडचं मूल डिसेंबर-जानेवारीत, त्यांच्या उन्हाळी सुट्टीत, तुमच्या घरी येऊन राहतं. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरिया राज्यात, बायरिशर युगेंडरिंग ही युवक संघटना अशी वैयक्तिक अदलाबदल जुळवून देतं. मला विचाराल तर हाच सगळ्यांत सुटसुटीत मार्ग, फक्त घरात दोन महिने एक जास्तीचं माणूस वावरेल याची तयारी हवी. यात स्टुडंट व्हिसा लागत नाही, पण त्याला मर्यादा आहे आणि ती हमखास चुकीची वाचली जाते.

तीन महिने म्हणजे तीनच महिने

जर्मन पासपोर्ट असेल तर ई-व्हिजिटर, म्हणजे सबक्लास ६५१, फुकट मिळतो. मंजुरीच्या पत्रावर बारा महिन्यांची तारीख असते. ती पाहून लोकांना वाटतं की वर्षभर शाळा करता येईल. त्या बारा महिन्यांत कितीही वेळा जाता येतं, पण एका वेळी राहणं तीन महिने आणि शिकणंही जास्तीत जास्त तीन महिने. ऑस्ट्रेलियाचं शालेय वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, साधारण दहा आठवड्यांचे चार टर्म असतात. एक टर्म ई-व्हिजिटरमध्ये बसतो. जुलै ते डिसेंबर असे दोन टर्म बसत नाहीत, मग ५०० च लागतो. एका टर्मला लागून आईबाबांबरोबर सिडनी-मेलबर्न फिरायचं असेल तर दिवस मोजा. मोजा म्हणजे कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा.

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिजिटर मिळत नाही, जर्मनीत जन्मापासून राहत असलात तरी नाही. छोट्या मुक्कामासाठी सबक्लास ६०० चा व्हिजिटर व्हिसा घ्यावा लागतो, पैसे भरून आणि जास्त कागद जोडून. शिकायची मर्यादा तिथेही तीन महिनेच. आता एकाच घरात मोठ्याचा पासपोर्ट भारतीय आणि धाकटीचा जर्मन असं सर्रास असतं. मोठ्याच्या वेळी काय केलं होतं ते धाकटीला लागू होत नाही. आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) ऑस्ट्रेलियाच्या अर्जात कशाचाही पुरावा नाही, ते जोडू नका.

जन्मदाखला, सह्या आणि नाव

मूल अठराच्या आतलं, म्हणून फॉर्म १२२९: मुलाला व्हिसा द्यायला पालकांची संमती. आई आणि वडील दोघांची सही. वडील प्रोजेक्टसाठी पुण्यात असले तरी त्यांचीही. सही पासपोर्टवरच्या सहीसारखी हवी, घाईत केलेली आद्याक्षरं चालत नाहीत. एकट्या पालकाची अडचण खरी आहे. घटस्फोट झाला असेल तर मुलाच्या ताब्याचा कोर्टाचा आदेश इंग्रजी भाषांतरासह जोडावा लागतो. लग्न न झालेल्या आईकडे एकटीचा हक्क असेल तर त्याचा कागद युगेंडआम्टकडून, म्हणजे बाल-युवक कल्याण कार्यालयाकडून मिळतो, त्याला ‘नेगाटिव्हबेशायनिगुंग’ म्हणतात. नावात नकार असला तरी तो तुमच्या बाजूचा कागद आहे: वडिलांबरोबर सामायिक हक्काची नोंद नाही, एवढंच तो सांगतो. बहुतेकींनी हे नाव ऐकलेलंच नसतं.

आता जन्मदाखला. मूल जर्मनीत जन्मलं असेल तर श्टांडेसआम्टकडून (जन्म-विवाह नोंदणी कार्यालयाकडून) आंतरराष्ट्रीय नमुन्याचा दाखला मागा. त्यात इंग्रजी छापलेलं असतं, भाषांतराचा खर्च वाचतो. महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांचा घोळ वेगळा. अर्ज निघाला की आईबाप जर्मनीत आल्यावर शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घेतलेलं, शिक्का मारलेलं, शंभर युरोचं जर्मन भाषांतर अभिमानाने अपलोड करतात. ऑस्ट्रेलियाला जर्मन नको, इंग्रजी हवं. आणि महापालिकेचा अलीकडचा दाखला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिकच असतो! मूळ दाखला फाइलीतून काढा, तोच स्कॅन करा. फक्त मराठीतला जुना असेल तरच भाषांतर करा, आणि भाषांतरकाराचं नाव, पत्ता, पात्रता त्यावर असू द्या.

त्याहून वाईट म्हणजे दाखल्यावर मुलाच्या नावाची जागा कोरी असणं. जन्माची नोंद हॉस्पिटलमधून लगेच झाली, बारसं नंतर झालं, नाव घालायचं राहून गेलं. असे दाखले मी तीन पाहिले. नाव घालायला नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत असते, आणि एक्स्चेंजला निघालेलं मूल नेमकं पंधरा-सोळाचं! आज रात्रीच दाखला उघडून बघा. कोरा असेल तर गावातल्या मामा-काकांना कामाला लावा, ऑस्ट्रेलियाचं नंतर बघू.

आणखी एक खास आपला घोळ. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, म्हणून जर्मन कागदांवर दोन्ही मिळून ‘फोरनामे’ होतं. शाळा आणि एजन्सी मात्र हाक मारायचं नाव तेवढं लिहितात. एएएसईएस किंवा सीओई आलं की पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडा. दुरुस्ती अर्जाआधी एका ईमेलवर होते, अर्जानंतर तीन आठवडे जातात.

तिकीट स्वस्त मिळालं म्हणून

देखभालीची हमी ज्या तारखेला सुरू होते, त्याच्या आधी अठराच्या आतल्या मुलाला स्टुडंट व्हिसावर ऑस्ट्रेलियात उतरता येत नाही. चार दिवस आधीचं तिकीट दोनशे युरोंनी स्वस्त असतं, ऑफर रविवारी संपणार असते, आणि ते काढलं जातं. मग एजन्सीला, शाळेला, विमान कंपनीला विनवण्या. सीएएडब्ल्यूवरच्या दोन्ही तारखा आधी बघा, मग विमान. शेवटची तारीखही बघा, हमी कोर्स संपल्यानंतर सात दिवसांपर्यंत धरलेली असते. त्यापुढे मूल मावशीकडे ब्रिस्बेनला राहणार असेल, तर ते शाळेशी आधीच बोलून घ्या.

विम्याला एक ओळ पुरे: ५०० साठी ओएसएचसी नावाचा तिकडचा विद्यार्थी आरोग्य विमा लागतो, जर्मन क्रांकेनकासेचं, म्हणजे इथल्या आरोग्य विम्याचं कार्ड तिथे उपयोगाचं नाही. अर्जात मूल का जातंय हे विचारणारे प्रश्न असतात, प्रत्येकाला १५० शब्दांची मर्यादा. ते मुलालाच लिहू द्या. बापाने लिहिलेलं लगेच ओळखू येतं, त्यात ‘लीडरशिप स्किल्स’ असतात.

परत यायचं आहे, हे विसरू नका

सगळं लक्ष व्हिसाकडे असतं आणि खरा धोका इकडे जर्मनीत असतो. मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिल्यास इथला रेसिडेन्स परमिट कायद्यानेच संपतो. कोणी नोटीस पाठवत नाही. आईबाबांकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर कुटुंबाला बारा महिने मिळतात. पण मधल्या काळात तुम्ही पर्मनंट रेसिडेन्स, म्हणजे निडरलासुंगसएर्लाउबनिस घेतला असेल आणि मुलाचंही कार्ड त्यासोबत बदललं असेल, तर ही बारा महिन्यांची सवलत गृहीत धरू नका. कायम असलेलं कार्ड या बाबतीत जास्त नाजूक निघतं, हे ऐकून लोक थक्क होतात. उपाय आहे: आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, जाण्याआधी जास्त मुदत लेखी घ्यायची. शाळेचं सुट्टी मंजूर केल्याचं पत्र आणि परतीची तारीख जोडायची. अपॉइंटमेंट मिळायलाच दोन-तीन महिने लागतात, फोन कोणी उचलत नाही, ईमेलला स्वयंचलित उत्तर येतं. म्हणून हे काम पहिलं करा, व्हिसाच्याही आधी. कार्डावरची आणि पासपोर्टवरची संपायची तारीखही बघा. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो ऑक्टोबरमध्ये केर्न्सला असताना संपला तर धावपळ मुलाची होते.

जर्मन शाळेकडून ‘बेउर्लाउबुंग’, म्हणजे मंजूर केलेली सुट्टी लागते, अर्ज मुख्याध्यापकांकडे. नऊ वर्षांच्या जिम्नॅशियममध्ये अकरावीचा पहिला सहामाही काळ सर्वांत सोयीचा, कारण पुढची दोन वर्षं आबिटुअरसाठी, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेसाठी, पूर्ण हजर राहून करायची असतात. जानेवारीत जायचा विचार दहावीसाठी असेल तर थांबा: नॉर्डराईन-वेस्टफालेन राज्यात दहावीच्या शेवटी केंद्रीय परीक्षा आहे आणि मूल तेव्हा समुद्रकिनारी असेल. दुसरी परदेशी भाषा तिकडे बहुधा मिळत नाही, फ्रेंच-लॅटिनची भर परत आल्यावर घालावी लागते.

बायर्नवाल्यांची अडचण अशी की उन्हाळी सुट्टी ऑगस्टच्या सुरुवातीला लागते आणि क्वीन्सलँडचा तिसरा टर्म जुलैच्या मध्यात सुरू होतो. मंजूर झालेली सुट्टी ‘नव्या शालेय वर्षापासून’ असते. मधल्या दोन-तीन आठवड्यांसाठी वेगळा अर्ज करा, आणि वरच्या वर्गात जाण्याचा निर्णय लेखी मागून घ्या. सुट्टीला लागून शाळा बुडवण्यावर इथे विमानतळावर पोलीस विचारू शकतात. पत्र पासपोर्टमध्येच ठेवा.

परतलेली मुलं हे काहीच सांगत नाहीत. ती सांगतात गणवेशाबद्दल, टोपीशिवाय मैदानात जाऊ न देणाऱ्या शिक्षकांबद्दल, संध्याकाळी सहालाच उरकणाऱ्या जेवणाबद्दल. आणि थंडीबद्दल! ऑस्ट्रेलिया म्हणून बॅगेत शॉर्ट्स भरतात, जुलै तिकडचा हिवाळा असतो आणि ब्रिस्बेनच्या बऱ्याच घरांत हीटिंगच नसतं. दोन स्वेटर द्या. मेतकूट-लाडू देणार असाल तर उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर खाण्याच्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहायला मुलाला बजावून सांगा. विचारून काढून घेतले तर फक्त लाडू जातात. लपवले तर दंड होतो.

आणि डिसेंबरमध्ये निघण्याआधी, शाळा सुरू असतानाच, शिक्का मारलेलं हजेरीपत्र आणि विषयांचा अहवाल हातात घ्या. तिकडची शाळा मग जानेवारीच्या शेवटापर्यंत बंद असते, ऑफिसात ईमेल वाचायला कोणी नसतं, आणि इकडची शाळा नाताळानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो कागद मागते.