उइगुर चळवळ: म्युनिकची काँग्रेस वेगळी, वझिरीस्तानचा गट वेगळा

एप्रिल 2016 मध्ये जर्मनीत राहणाऱ्या दोल्कुन ईसा यांना धरमशाळेतल्या एका परिषदेसाठी भारताचा व्हिसा मिळाला. ‘हा दहशतवादी आहे, त्याच्या नावावर इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस आहे,’ असं सांगत चीनने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच तो व्हिसा रद्द झाला. मसूद अझहरला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत घालायला चीनने नुकताच खोडा घातला होता. त्यामुळे आपल्याकडे चर्चा झाली ती परतफेड आणि माघार यांचीच. ईसा नेमके कोण, हे फार थोड्यांनी विचारलं. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगुर या मुस्लिम समाजाबद्दलची निम्मी गफलत तिथेच आहे.

ईसा हे तेव्हा जागतिक उइगुर काँग्रेसचे नेते. देशोदेशीच्या निर्वासित उइगुर संघटनांची ही शिखर संस्था 2004 मध्ये म्युनिकमध्ये स्थापन झाली. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांकडे निवेदनं देणं, खासदारांना भेटणं, चिनी दूतावासांसमोर निदर्शनं करणं, असं तिचं काम चालतं. शिनजियांगला ही मंडळी पूर्व तुर्कस्तान म्हणतात. स्वयंनिर्णयाचा हक्क अहिंसक मार्गाने मिळावा, ही त्यांची मागणी. ईसांवरची ती नोटीस इंटरपोलने 2018 मध्ये रद्द केली.

दुसरं नाव ईटीआयएम, म्हणजे पूर्व तुर्कस्तान इस्लामिक चळवळ. पुढे हाच गट तुर्कस्तान इस्लामिक पार्टी या नावाने ओळखला जाऊ लागला. हा सशस्त्र जिहादी गट अफगाणिस्तानात तालिबान आणि अल कायदाच्या सावलीत वाढला. त्याचा म्होरक्या हसन महसूम 2003 मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या कारवाईत दक्षिण वझिरीस्तानात मारला गेला. नंतर या गटाचे लढवय्ये सीरियात इदलिब भागात लढले. सप्टेंबर 2002 मध्ये दहशतवाद्यांवर निर्बंध घालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 1267 समितीने या गटाला यादीत घातलं. ज्या यादीत अझहरचं नाव जाऊ नये म्हणून चीन अडून बसला होता, तीच ही यादी. अमेरिकेने मात्र 2020 मध्ये ईटीआयएमला आपल्या एका यादीतून वगळलं. दहा वर्षांहून अधिक काळ हा गट अस्तित्वात असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असं कारण दिलं.

म्हणून उइगुर दहशतवाद ही बीजिंगने रचलेली निव्वळ कथा आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. 1 मार्च 2014 च्या रात्री नैर्ऋत्य चीनमधल्या कुनमिंगच्या रेल्वे स्टेशनवर लांब सुरे घेतलेले उइगुर हल्लेखोर प्रवाशांच्या गर्दीत घुसले आणि त्यांनी 31 जणांचा जीव घेतला. तिकिटासाठी थांबलेल्या, सामान सांभाळत बसलेल्या माणसांचा काय दोष होता? त्यानंतर तीन महिन्यांच्या आत शिनजियांगची राजधानी उरुमचीच्या बाजारात स्फोट झाले आणि 39 निरपराध माणसं गेली. चीनची सुरक्षेची काळजी खरी आहे. 2021 मध्ये चीनमधल्या तिआनजिनला आलेल्या तालिबान नेत्यांकडे चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांनी ईटीआयएमशी संबंध तोडण्याचा आग्रह धरला, तो याच काळजीतून. अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा वाखान पट्टा थेट शिनजियांगला जाऊन भिडतो.

पण दहशतवाद, फुटीरतावाद आणि अतिरेकी विचार या तिघांना चीन एकत्रच ‘तीन दुष्ट शक्ती’ म्हणतो. शांघाय सहकार्य संघटनेची भाषाही हीच, आणि 2017 पासून भारत तिचा पूर्ण सदस्य आहे. फुटीरतावाद ही राजकीय मागणी आहे. ती चूक वाटू शकते, तिला कडाडून विरोधही करता येतो. दहशतवाद ही कृती आहे. चीनच्या कायद्यात मात्र देश फोडायला चिथावणी देणं, एवढाही गुन्हा पुरतो. त्यासाठी हिंसा लागतेच असं नाही.

इल्हाम तोहतींचं प्रकरण बघा. बीजिंगमध्ये अर्थशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक. चीनमधले बहुसंख्य हान आणि उइगुर यांच्यात संवाद व्हावा म्हणून ते वेबसाइट चालवत. स्वतंत्र देश त्यांनी कधी मागितला नाही. चीनच्याच स्वायत्तता कायद्याची नीट अंमलबजावणी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी 2013 मध्ये ते मुलीसोबत अमेरिकेला निघाले होते. विमानतळावर त्यांना अडवलं आणि अठरा वर्षांची ती मुलगी एकटीच विमानात बसली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फुटीरतावादाच्या आरोपाखाली त्यांना जन्मठेप झाली. बंदूक सोडा, त्यांनी वेगळ्या झेंड्याचीही मागणी केली नव्हती.

2017 पासून शिनजियांगमध्ये दाढी, बुरखा अशा गोष्टीही ‘अतिरेकी’ ठरू लागल्या आणि उइगुरांना डांबण्यासाठीच्या छावण्या भरल्या. ऑगस्ट 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं नोंदवलं. त्यावर नुसती चर्चा घेण्याचा प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये मानवी हक्क परिषदेत 17 विरुद्ध 19 मतांनी पडला. अकरा देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. दुसऱ्याच दिवशी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने शिनजियांगमधल्या लोकांच्या मानवी हक्कांचा आदर व्हावा, असं जाहीरपणे म्हटलं. ते वाक्य आदल्या दिवशी, मतदानाच्या वेळी हवं होतं.