मांजरांच्या डोळ्यांचा रंग

मांजराच्या बाहुलीभोवतीच्या परितारिकेतील मेलॅनिन या रंजकद्रव्याच्या प्रमाणावरून ठरणारा रंग. फिकट हिरवा, पिवळा, सोनेरी, नारिंगी आणि तांबूस या त्याच्या नेहमीच्या छटा. घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला मराठीत मांजराची उपमा देतात, ती यांतल्या फिकट छटांमुळे. निळा रंग मात्र स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे.

परितारिकेचा मागचा थर बहुतेक मांजरांत गडद असतो. फरक पडतो तो पुढच्या सैल थरात. तिथे रंजकपेशी भरपूर व कामसू असल्या की डोळा तांबूस दिसतो, कमी असल्या की पिवळा किंवा हिरवा. त्या थरात मेलॅनिन नसेल तर आत शिरलेला प्रकाश विखुरतो आणि डोळा निळा दिसतो. पाण्यात थोडे दूध घातल्यावर निळसर झाक येते, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे निळे असे द्रव्य डोळ्यात नसतेच. पिलांचे डोळे उघडतात तेव्हा निळे असतात व सहा-सात आठवड्यांनंतर बदलू लागतात, त्यामुळे निळ्या डोळ्यांवर भाळून आणलेले पिल्लू पुढे घारे निघते.

हिरव्या-पिवळ्या छटांमागे अनेक जनुके असून अंगाच्या रंगाशी त्यांचा ठाम संबंध नाही. तांब्यासारख्या डोळ्यांची काळी ‘बॉम्बे’ जात निवड करून अमेरिकेत तयार केली गेली. नाव भारतातल्या काळ्या बिबट्याच्या आठवणीने दिलेले, मुंबईशी नाते तेवढेच.

निळ्या डोळ्यांमागची कारणे वेगवेगळी आहेत. पूर्ण पांढऱ्या मांजरात किट या जनुकात एका प्राचीन विषाणूचा तुकडा घुसलेला असतो (हे २०१४ मध्ये उलगडले). त्यामुळे गर्भावस्थेत रंजकपेशी सर्वत्र पोहोचत नाहीत. एकाच डोळ्यात पोहोचल्या तर एक डोळा निळा, दुसरा पिवळा. तुर्कस्तानातील वान मांजरे यासाठी प्रसिद्ध आहेत. याच पेशी आतल्या कानातील द्रवाचा समतोल राखतात, म्हणून त्या नसल्या की पिल्लू काही आठवड्यांतच बहिरे होते. मांजरांतील निळे डोळे व बहिरेपणा यांची सांगड डार्विनने १८५९ मध्येच नोंदवली होती. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांपैकी सुमारे ६५ ते ८५ टक्के बहिरी असतात.

सयामी मांजर निळ्या डोळ्यांचेच, पण त्याला ऐकू नीट येते. त्याच्या रंजकपेशी जागेवर असतात; मेलॅनिन बनवणारे टायरोसिनेज हे विकर शरीराच्या उबेत काम करत नाही, एवढेच. कान, पंजे, शेपटी थंड राहतात म्हणून काळवंडतात, डोळे उबेत असल्याने निळे राहतात. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. टायरोसिनेजच्या जनुकाचे बर्मी जातीच्या मांजरातले रूप सयामी रूपाशी जुळले की टोंकिनीज मांजराचे हिरवट निळे डोळे मिळतात. सयामींत डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या काही तंतूंची वाट चुकते, त्यातून तिरळेपणा येतो. निळा डोळा म्हणजे बहिरे मांजर, हा समज सयामीपाशी टिकत नाही.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील ‘ओहोस आसुलेस’ मांजरांत निळे डोळे प्रभावी गुण म्हणून, म्हणजे एकाच पालकाकडूनही, उतरतात आणि अंगाचा रंग कोणताही असू शकतो.

प्रौढ मांजराच्या परितारिकेवर हळूहळू पसरणारा तपकिरी डाग निरुपद्रवी असू शकतो, तसाच मेलॅनोमा, म्हणजे रंजकपेशींचा कर्करोगही. एकाच डोळ्याचा रंग अचानक गढूळ किंवा लालसर झाल्यास आतील सुजेची शंका घेऊन पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी लागते.