दवाखान्याच्या बाकड्यावरनं व्हॉट्सॲपवर: सीमाभागात पेशंटच पेशंटला सांगायला लागले त्यामागची गोष्ट

आमच्या बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा पहिली कामाची गोष्ट आम्हाला शेजारच्या खाटेवरच्या खानापूरच्या काकांनी सांगितली. ज्या हातात फिश्चुला (मशीननं रक्त साफ करायला दोन रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) केलाय त्या हाताला बीपी मोजू द्यायचं नाही, त्या हातातनं रक्त काढू द्यायचं नाही, तो हात उशाला घेऊन झोपायचं नाही, आणि रोज सकाळी बोट ठेवून आतली थरथर लागतीया का बघायचं, थांबली असली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी हे सांगितलं असणारच, पण त्या दिवशी आमच्या डोक्यात काही शिरतच नव्हतं. काकांनी माझं बोट धरून स्वतःच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, मांजर गुरगुरल्यागत लागतंय की नाही?" ते आजपर्यंत विसरलो नाही.

अशा माणसांना बाहेरच्या जगात पेशंट ॲडव्होकेट म्हणतात, आपल्याकडं रुग्णमित्र हा शब्द जास्त चालतो. कोर्टातला वकील नव्हे, स्वतः आजार भोगलेला किंवा घरात कुणाचं तरी केलेला माणूस, जो दुसऱ्याला गोळी, पथ्य, कागद आणि हक्क समजावून सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आज अशांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत आणि लोकांना वाटतंय की हे सगळं मोबाईलमुळं आलं. मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासनं हे काम चालू होतं, आणि ते कुठनं आलं हे माहीत असलं तर ग्रुपवर कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही हेही कळतंय, म्हणून हे लिहितोय.

आमच्या भागात याला एक जास्तीचं कारण आहे, ते म्हणजे भाषा. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासनं घरात मराठी, सरकारी दवाखान्यातला फॉर्म कन्नडात आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्लिशमध्ये. आजारी माणसाला तीन भाषा पार करून गोळीपर्यंत जायचं असतंय. कन्नड बोलणाऱ्या नर्सताईंनी आमच्यासाठी मोडकंतोडकं का असेना मराठी बोलून किती जीव लावलाय ते मी स्वतः बघितलंय, त्यामुळं इथं भाषेवरनं भांडण लावायचं नाही मला. गंमत बघा, मूत्रपिंड हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे आणि दोन्हीकडची माणसं किडनीच म्हणतात. पण फॉर्मवर सही कुठं करायची, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय हे वाचून सांगणारा कोणतरी लागतोच, आणि गल्लीत ज्याला कन्नड वाचता येतंय तोच आमच्या भागातला पहिला रुग्णमित्र.

मिरजेची वाट तर त्याच्याही आधीची. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासनं अथणी, रायबाग, चिकोडीकडची माणसं तिकडं जातात, आणि एकजण बरा होऊन गावी आला की पुढच्या दहा जणांना तोच सांगतो, कुठं उतरायचं, कुणाला भेटायचं, सोबत काय न्यायचं. त्याच दशकात प्लेग आला, हाफकीन यांनी १८९७ ला मुंबईत प्लेगची लस काढली, आणि लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. लशीबद्दलच्या अफवा तेव्हाही होत्याच, त्यांना मोबाईल लागला नाही.

पण पेशंटनं पुढं होऊन सगळ्यांसमोर बोलायची पद्धत खरी आली ती एड्समुळं, आणि हा भाग नीट सांगायला पाहिजे. १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या एका परिषदेत एड्स झालेली माणसं स्टेजवर आली आणि म्हणाली की आम्हाला बिचारे म्हणू नका, आमच्याबद्दलचे निर्णय घेताना आम्हाला टेबलावर बसवा. भारतात १९८६ ला चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले, १९९७ ला तिथंच एचआयव्हीसह जगणाऱ्यांचं देशपातळीवरचं नेटवर्क उभं राहिलं. आमच्याकडं पुणे-बेंगळूर हायवे, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं मुली सोडायची प्रथा (कायदा १९८२ चा, पण प्रथा कायद्याला विचारून थांबत नाही) आणि कामासाठी मुंबईला जाणारी-येणारी माणसं, त्यामुळं बेळगाव आणि बागलकोट हे जिल्हे एड्सच्या सरकारी यादीत वरच्या गटात होते. त्या काळात नाव सांगणं म्हणजे घर, नोकरी, नातं सगळं पणाला लावणं. तरी काही बायकांनी सांगितलं. गावात जाऊन, तोंडावर पदर न घेता, मला हा आजार आहे, मी गोळ्या घेते, माझं बाळ निगेटिव्ह आहे. १ एप्रिल २००४ पासनं सरकारनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली, ती काय अशीच नाही मिळाली, माणसं बोलली आणि भांडली म्हणून मिळाली. पुढं २०१७ ला एचआयव्ही रुग्णांशी भेदभाव करू नये असा कायदा झाला. आज कुणी कॅन्सरची बाई फेसबुकवर टक्कल पडलेल्या डोक्याचा फोटो टाकून लिहिते ना, तिला ती वाट ह्याच बायकांनी मोकळी करून दिली असं मला मनापासनं वाटतंय.

इंटरनेटवरची सुरुवात अर्थातच बाहेर झाली. १९९५ मध्ये अमेरिकेत कॅन्सरच्या पेशंटांचे ईमेलवरचे गट सुरू झाले. तिथलाच एक किस्सा मला फार महत्त्वाचा वाटतोय, डेव्ह डिब्रॉन्कार्ट नावाच्या माणसाला २००७ मध्ये किडनीचा पसरलेला कॅन्सर निघाला, त्याला असल्या गटात जा म्हणून त्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं, गटातल्या पेशंटांनी कुठली ट्रीटमेंट आणि ती देणारे डॉक्टर कुठं हे सांगितलं, आणि तो वाचला. म्हणजे डॉक्टर एकीकडं आणि पेशंट एकीकडं असं नव्हतंच ते. मग २०११ ला ट्विटरवर ब्रेस्ट कॅन्सरच्या दोन पेशंट बायकांनी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी गप्पा सुरू केल्या, त्यात डॉक्टरही येऊन उत्तरं द्यायचे. २०१४ ला बादलीभर बर्फाचं पाणी डोक्यावर ओतायचं ते आव्हान तर आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांनीही केलं, एएलएस नावाच्या, हातापायातली ताकद हळूहळू जाणाऱ्या आजारासाठी तिकडं त्यातनं ११ कोटी डॉलरच्या वर पैसे जमले, पण आजार काय ते आमच्यातल्या किती जणांना कळलं कुणास ठाऊक.

भारतातलं उदाहरण द्यायचं तर मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन. त्यांना पोटाचा टीबी झाला, औषधाच्या साईड इफेक्टनं २०१३ मध्ये दोन्ही कानांनी ऐकू येणं गेलं. त्यांनी लिहायला, बोलायला सुरुवात केली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत बेडाक्विलिन या टीबीच्या औषधाच्या वाढीव पेटंटला (म्हणजे ते औषध बनवायचा कंपनीचा एकटीचा हक्क आणखी लांबवायला) हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट ऑफिसनं कंपनीचा अर्ज फेटाळला. दोघीही टीबीतनं उठलेल्या आणि दोघींचेही कान टीबीच्या औषधानं गेलेले.

आमच्याकडं मात्र ट्विटर-बिटर कुणी बघत नव्हतं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि चार-सहा महिन्यांत घराघरात व्हॉट्सॲप पोचलं. आणि लगेच परीक्षा आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात गोवर-रुबेलाची लस शाळेत द्यायचं ठरलं, ९ महिन्यांपासनं १५ वर्षांच्या आतल्या सगळ्या पोरांना, आणि ग्रुपवर मेसेज फिरायला लागले की ही लस चांगली नाही, पोरं आजारी पडतात, मुद्दाम देतायत. कन्नडातले मेसेज कुणीतरी मराठीत करून टाकायचे, म्हणजे अफवेलासुद्धा भाषांतर करणारा मिळाला. आयांनी पोरांना दोन दिवस शाळेला पाठवलं नाही. आता बघा, महाराष्ट्रात हीच मोहीम नोव्हेंबर २०१८ च्या शेवटी सुरू झाली. तेव्हा चंदगडच्या माझ्या मावसबहिणीला तेच जुने मेसेज यायला लागले आणि तिनं घाबरून फोन केला. माझ्या बायकोनं सांगितलं, आमच्या दोघांना देऊन पावणेदोन वर्षं झाली, एकाला एक दिवस ताप आला, दुसऱ्याला काही नाही, शेजारच्या आठ-दहा पोरांचंही तसंच. बहिणीनं ते आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं. हद्दीच्या अलीकडची आई पलीकडच्या आईला सांगतेय, यापेक्षा खात्रीची गोष्ट त्या ग्रुपवर दुसरी नव्हती.

त्याच २०१७ च्या नोव्हेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला हिवाळी अधिवेशन होतं आणि खाजगी दवाखान्यांवरच्या कायद्याची दुरुस्ती आली होती, त्यात पेशंटांच्या हक्कांची सनदही होती. राज्यभर डॉक्टरांचा संप झाला, ओपीडी बंद, पेशंटांचे हाल. डॉक्टरांच्या काही तक्रारी रास्त होत्या असं मला आजही वाटतंय. पण त्या आठवड्यात पहिल्यांदा आमच्या लोकांत चर्चा झाली की पेशंटला हक्क असतात म्हणजे नेमकं काय असतंय. १९९५ ला सुप्रीम कोर्टानं दवाखान्याची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली होती, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं लिहिलेलं होतं, २०१८ ला मानवाधिकार आयोगानं १७ हक्कांची यादी केली, पण हे सगळं इंग्लिशमध्ये होतं ना. कुणीतरी त्यातलं ७२ तासांचं चार ओळींच्या मराठीत टाईप केलं, तो मेसेज आमच्या ग्रुपवर अजून फिरतोय आणि त्याच्या जोरावर माणसं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला फाईलची झेरॉक्स मागून आणतात.

असंच एक जुनं दुखणं सांगतो. बाळंतपणानंतरचं जास्तीचं रक्त जाणं टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या किती कामाच्या, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या १६२० बायकांवरच्या अभ्यासातनं जगाला कळलं, १२ टक्क्यांवरनं ६.४ टक्क्यांवर आलं प्रमाण, २००६ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं. आमच्याच बायका, आमचीच गावं. त्याच गावच्या बाईला वाचून कळेल असं साध्या मराठीत त्यावर लिहिलेलं मला तरी आजपर्यंत कुठं दिसलं नाही, आणि ग्रुप चालवणाऱ्यांनी हे असलं काम अंगावर घ्यायला पाहिजे असं मला तळमळून वाटतंय.

कोविडबद्दल थोडक्यात, कारण सगळ्यांनीच ते भोगलंय. निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातनं येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते, आज कसला कागद लागतोय आणि ॲम्ब्युलन्सला सोडतायत काय हे नाक्यावर अडकलेली माणसंच व्हॉईस नोट पाठवून सांगायची. एप्रिल-मे २०२१ ला बेड, ऑक्सिजन, प्लाझ्मा, रात्रभर फोन. ३० एप्रिलला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मदत मागायला सोशल मीडियावर लिहिणाऱ्यांवर कारवाई करायची नाही. तेव्हा ज्यांनी ग्रुप नीट चालवले त्यांनी एकच नियम केला होता, बेडचा नंबर पुढं टाकायच्या आधी स्वतः फोन लावून बघायचा आणि किती वाजता लावला ते खाली लिहायचं.

तो नियम आमच्या डायलिसिसच्या ग्रुपनं कायमचा घेतला. कारण किडनीच्या पेशंटला चुकीचा मेसेज म्हणजे जीवावरचा खेळ. आपल्यात आजारी माणसाला शहाळं द्यायची पद्धत, आणि "शहाळ्यानं किडनी धुऊन निघते" असला मेसेज महिन्याला एकदा तरी येतोच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ज्यांच्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडतात. व्हॉट्सॲपनं जुलै २०१८ ला फॉरवर्डवर पाचची मर्यादा घातली, एप्रिल २०२० ला फार फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं, पण प्रेमापोटी पाठवणाऱ्या काकूंना कुठली मर्यादा अडवणार. त्यांना शांतपणे सांगावं लागतंय. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, हे मात्र आमच्या डाएटच्या मॅडमनी सांगितलेलं आहे आणि ग्रुपवर वर पिन करून ठेवलंय, मराठीतही आणि कन्नडातही.

सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पैशाचा. केंद्राच्या २०१६ च्या डायलिसिस योजनेतनं जिल्हा रुग्णालयात गरिबांना डायलिसिस मोफत आहे, ते बऱ्याच जणांना ग्रुपवरच कळलं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, आणि जानेवारी २०२४ ला बेळगावातली नोंदणीची केंद्रं प्रशासनानं बंद केली. दोन सरकारांचं काय ते चालू दे, पण आठवड्यात तीन वेळा सुई टोचून घेणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. कुणी विचारलं की आम्ही एवढंच लिहितो: आधी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड काढा, बीपीएल रेशन कार्ड आणि आधार बरोबर घ्या, आणि कोल्हापूरला किंवा मिरजेला जायचं असलं तर निघायच्या आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) फोन करून तुमचा कागद चालतोय काय ते विचारा, उत्तर काय मिळालं ते तारखेसकट ग्रुपवर टाका.