मारबत (ग्रामीण विदर्भ)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला पहाटे, रोगराई शिवेबाहेर घालवण्याचा विधी. मुख्यतः पूर्व विदर्भात प्रचलित.

उगमाविषयी एकमत नाही. नागपूरची काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळायचा पुतळा, साधारण 1881 पासून व पिवळी 1885 पासून निघते, असे मानतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेल्या नागपूरच्या राणी बाकाबाई भोसले, ही कथा शहरात रूढ आहे. पण बाकाबाईंचे निधन 1858 चे. निषेधाला त्यानंतर वीसेक वर्षे का लागावीत, याचा उलगडा या कथेतून होत नाही. दुसरी कथा पूतना मावशीची : कृष्णाने तिला मारल्यावर गोकुळवासीयांनी तिचा देह वेशीबाहेर नेऊन जाळला. खेड्यात या विधीच्या वेळी देतात त्या आरोळीत मात्र भोसलेही नाहीत आणि इंग्रजही नाहीत. तिथे नावे येतात ती दुखण्यांची. त्यामुळे रोगनिवारणाचा विधी आधीचा असून राजकीय अर्थ त्याला शहरात चिकटला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पोळ्याच्या संध्याकाळी दाराच्या दोन्ही अंगांना पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. उजाडण्याआधी पोरे ते चिखलातून फरफटत शिवेकडे पळतात : ‘इडा पिडा, खोकला घेऊन जा गे मारबत!’ म्हातारीकोतारी दारातूनच सूर धरतात. मेढे शिवेवर टाकतात किंवा जाळतात. दिवस भर पावसाळ्याचे, हिवतापाचे आणि हगवणीचे, पूर्वी पटकीचेही (कॉलरा). पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांना 1884 मध्ये कोलकात्यातील तळ्याच्या पाण्यात सापडला. खेड्यात ही साथ पुढेही बराच काळ मरीमाय या रोगदेवीचा कोप मानली गेली.

वऱ्हाडात ही प्रथा तुलनेने विरळ आहे.

रोग बाहेरून येतो, ही या विधीमागची धारणा अडाणीपणाची म्हणून सोडून देणे योग्य नाही. साथ माणसांबरोबर वाटेने येते, हे पिढ्यांचे निरीक्षण तीत आहे. तिची कठोर बाजूही आहे. 2020 च्या टाळेबंदीत अनेक गावांनी बाभळीच्या काट्या टाकून रस्ते अडवले. मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच माणसांना शाळेच्या खोल्यांत चौदा चौदा दिवस राहावे लागले. घरचा डबा फाटकापर्यंत येई. त्या वर्षी पोळ्यानंतर आरोळीत नव्या नावाची भर पडली : ‘कोरोना घेऊन जा गे मारबत!’